फाट्यावरची माणसे

दिवाळीच्या अंकात अपघाताची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी, आणि विशेषतः वाचक भगिनींनी, माझ्यावर रागावू नये. फराळाचे ताट पुढे असताना मोडक्या मोटारींचे वर्णन कोणाला रुचणार? परंतु खरे सांगावयाचे तर रस्ते सर्वांत अधिक भरलेले असतात ते ह्याच दिवसांत. कोणी भाऊबीजेला माहेरी निघालेली असते, कोणी पुण्याच्या कारखान्यातून चार दिवसांची रजा काढून गावाकडे येत असतो. आणि आमच्या बाजूला तर ह्याच सुमारास उसाचा हंगाम उभा राहतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, तांबडी चकती नाही, असे रात्रभर रस्त्याने रांगत असतात. तेव्हा हा विषय दिवाळीचा नव्हे असे कोणी म्हणू नये. तो दिवाळीचाच आहे. आपण फक्त त्याच्याकडे पाठ करून बसतो.

मी राहतो ते वडीगोद्री हे गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात आहे. गावाची ओळख सांगावयाची तर फाट्याचीच सांगावी लागते. सोलापूर-बीडकडून येणारा रस्ता शहागडला गोदावरी ओलांडतो आणि थोड्याच वेळात आमच्या गावी येऊन ठेपतो. येथून एक वाट पाचोडवरून छत्रपती संभाजीनगरकडे आणि पुढे धुळ्याकडे जाते, तर दुसरी अंबडवरून जालन्याला. फाटा म्हटला की चहाची दुकाने आली, पंक्चर काढणारे आले, ढाबे आले, आणि कोठेतरी जाण्यासाठी उभी असलेली माणसे आली. ह्या माणसांना न बोलावता एक काम नेहमीच येऊन पडत आले आहे. रस्त्यावर कोठे धाड असा आवाज झाला की प्रथम धावतात ती हीच. त्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. मी इतिहासकार नव्हे. शाळेत मुलांना शिकवितो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण ह्या इतिहासाशी माझे एक जुने देणे आहे, म्हणून हा खटाटोप.

कादंबरीत अपघात घडविणे फार सोपे असते. नायकाच्या मार्गातला माणूस दूर करावयाचा असला, की एक मोटार दरीत लोटली म्हणजे काम भागते. हे पाप मी स्वतः दोनदा केले आहे. प्रत्यक्ष अपघात मात्र इतक्या सोयीने घडत नाही, आणि मुख्य म्हणजे तो प्रकरणाच्या शेवटी संपत नाही.

माझ्या मॅट्रिकच्या वर्षातील गोष्ट. थंडीचे दिवस होते. पहाटे अभ्यासाला उठलो होतो, तोच फाट्याच्या बाजूने आवाज आला. आम्ही पाच-सात जण धावलो. एक जीप उभ्या ट्रकच्या मागे शिरली होती. पुढचा भाग चेपून आत गेला होता आणि चालक सुकाणूचक्र आणि बैठक ह्यांच्यामध्ये अडकला होता. तो शुद्धीवर होता. "काढा हो मला, काढा," एवढेच तो म्हणत होता. आमच्यापैकी एकालाही दुसरे काही सुचले नाही. दोघांनी काखेत हात घातले, मी आणि आणखी एकाने पाय धरले, आणि कोणीतरी "एक, दोन, तीन" म्हणताच आम्ही सारे बळ लावून त्याला ओढले. तो निघाला. आम्हाला केवढा आनंद झाला! कोणाच्या तरी मालाच्या टेम्पोत त्याला आडवा घालून दवाखान्यात नेले. गावात आमचे कौतुक झाले. आईने माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या.

तो माणूस जगला. पण पुन्हा चालला नाही. त्याच्या पाठीचा कणा अपघातात मोडला, की आमच्या ओढण्याने, हे कोणी सांगू शकले नाही. विचारलेही कोणी नाही. विचारतो आहे तो मीच, गेली तीस वर्षे.

वाटसरूची काळजी घेण्याची रीत आमच्या भागाला नवी नाही. अंबड हे होळकरांच्या अमलातले गाव. तेथल्या मत्स्योदरी देवीच्या देवळाशी अहिल्याबाईंचे नाव आजही जोडले जाते. अहिल्याबाईंनी हिंदुस्थानभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या हे शाळेतील मुलेही सांगतील. येथून जवळच पैठण आहे. काशीहून आणलेली गंगेची कावड नाथांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही कथा आमच्याकडील प्रत्येक आजीने नातवाला सांगितलेली असते. वाटेवर पडलेल्या जिवाला पाणी द्यावे, हा आमचा जुना धडा. परंतु बैलगाडीच्या वाटेवर पडलेला जीव बहुधा थकलेला, तहानलेला किंवा तापाने फणफणलेला असे. लोखंडात अडकलेला माणूस ही नव्या काळाची निर्मिती. त्याला पाणी पाजणेही कधी कधी घातक ठरते, हे जुन्या धड्यात कोठून असणार?

मोटार आमच्या मुलखात आली ती निजामाच्या राजवटीत. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ च्या जून महिन्यात आपली बससेवा सुरू केली. तेव्हा त्यांच्याजवळ अवघ्या २७ बसगाड्या आणि १६६ नोकर होते. पलीकडे मुंबई इलाख्यात एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला गेली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, आणि पुढे १९६१ साली मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र ह्यांच्या गाड्या एका महामंडळाखाली आल्या. रस्ता मात्र कितीतरी दिवस एकपदरीच राहिला. समोरून गाडी आली की एकाने धुळीत उतरावयाचे, असा रिवाज होता. त्यात भांडणे पुष्कळ होत, पण वेग नसल्यामुळे माणसे वाचत. पुढे रस्ता रुंदावला, राष्ट्रीय महामार्ग झाला, त्याला २११ हा क्रमांक मिळाला. आता तो ५२ क्रमांकाच्या महामार्गाचा भाग आहे आणि पंजाबातील संगरूरपासून कर्नाटकातील अंकोल्यापर्यंत जातो. एवढ्या लांबच्या गाड्या आमच्या दारावरून जाऊ लागल्या याचा आम्हाला अभिमान वाटतो. चौपदरी रस्त्याने वेग दिला. वेगाबरोबर काय आले, ते फाट्यावरच्या माणसांना ठाऊक आहे.

मोटारीखाली माणूस जाण्याचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे. १८९६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपाशी ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई एका मोटारीच्या धक्क्याने मरण पावली. ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या मोटारीने घेतलेला तो पहिला पादचारी बळी समजतात. असे पुन्हा कधी घडू नये, अशी आशा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने व्यक्त केली म्हणतात. आज ते वाचताना हसावे की रडावे हे कळत नाही.

पण ह्याच इतिहासात दुसऱ्या बाजूची माणसेही आहेत. अमेरिकेत व्हर्जिनिया प्रांतात रोआनोक नावाचे गाव आहे. तेथे १९०९ साली ज्युलियन स्टॅन्ली वाइज ह्या नऊ वर्षांच्या मुलाने नदीत होडी उलटून दोन माणसे बुडताना पाहिली. काठावर माणसे होती, पण त्यांना वाचवावे कसे, हे त्यांतल्या कोणालाच माहीत नव्हते. तो मुलगा मोठा झाला, रेल्वेत नोकरीस लागला, आणि १९२८ साली त्याने आपल्या रेल्वेतल्या सोबत्यांना घेऊन एक स्वयंसेवक बचावपथक उभे केले. पगार नाही, मानधन नाही. दिवसा नोकरी आणि हाक आली की धाव. त्या पथकाचे पाहून अमेरिकेत गावोगाव अशी पथके निघाली. ही हकिकत प्रथम वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. नऊ वर्षांच्या मुलाने एकोणीस वर्षे एक दृश्य मनात जपले आणि त्याचे काम केले. मी माझ्या दृश्याचे काय केले होते?

चेपलेल्या मोटारीतून माणूस काढण्याचे शास्त्र त्याहून अलीकडचे. फार वर्षे त्यासाठी पहार, करवत आणि कुऱ्हाड हीच हत्यारे होती. १९६१ साली, म्हणजे आपल्याकडे एस. टी. महामंडळ झाले त्याच वर्षी, अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट नावाच्या गृहस्थाने मोटारींच्या शर्यतीत एक अपघात पाहिला. अडकलेल्या चालकाला पहारींनी सोडवावयास तासाहून अधिक वेळ गेला. हर्स्टने मग तेलाच्या दाबावर चालणारा एक प्रचंड चिमटा तयार केला. त्याचे दोन जबडे फटीत घालावयाचे आणि यंत्र चालू करावयाचे, की पत्रा वहीच्या पानासारखा उलगडतो. मृत्यूच्या जबड्यातून माणूस ओढून काढणारे हत्यार म्हणून त्याला पुढे 'जीवनाचा जबडा' अशा अर्थाचे नाव पडले, आणि जगभरच्या अग्निशमन दलांत ते रूढ झाले.

त्याच काळात बाल्टिमोर शहरात डॉक्टर अ‍ॅडम्स काउली हे एक गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगत होते. जबर जखमी झालेल्या माणसाचे भवितव्य बहुधा पहिल्या तासाभरात ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. त्या तासाला त्यांनी सोनेरी तास म्हटले. यंत्र शोधले हर्स्टने, तास दाखविला काउलींनी. पण तो तास सुरू होतो तेव्हा तेथे हर्स्टही नसतो आणि काउलीही नसतात. तेथे असतो पंक्चर काढणारा पोऱ्या.

आणि त्या पोऱ्याला आपल्या देशात कशाची भीती होती? रक्ताची नव्हे. चौकीची. जखमीला दवाखान्यात नेले की नाव लिहून घेणार, मग साक्ष, मग कोर्टाच्या तारखा. माझ्या लहानपणी शहाणी माणसे स्पष्ट सांगत, "बघून या, पण हात लावू नका." ह्या भीतीला कायद्याने हळूहळू उत्तर दिले. १९८९ साली परमानंद कटारा ह्यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जखमीचा जीव वाचविणे हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य. पोलिसी सोपस्कार नंतर. तरीही वाटसरूची भीती उरलीच. २००७ साली दिल्लीत पीयूष तिवारी ह्यांच्या नात्यातला एक शाळकरी मुलगा रस्त्यावर जखमी होऊन पडला आणि वेळेवर मदत न मिळाल्याने गेला. तिवारींनी २००८ साली सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था काढली आणि २०१२ साली न्यायालयाचे दार ठोठावले. त्यातून २०१५ साली केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे निघाली, ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंधनकारक केली, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला नाव सांगावयास लावता येत नाही. एवढे मोठे अभय देशाने दिले आहे. पण आमच्या फाट्यावर दहा जणांना विचारा, आठ जणांना ते ठाऊक नसते.

आपल्या महाराष्ट्रात ह्या कामाची खरी शाळा कोठे भरते म्हणाल, तर बोरघाटात. त्या घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. हा शिंग्रोबा धनगर. इंग्रजांना घाटाची वाट त्याने दाखविली आणि बक्षीस म्हणून त्यांनी त्यालाच गोळी घातली, अशी लोककथा आहे. जुन्या रस्त्याने जाणारे वाहनचालक आजही त्याला नाणे वाहून पुढे जातात. १५ एप्रिल २०२३ रोजी पहाटे ह्याच देवळाजवळ, पुण्याहून मुंबईकडे जाणारी एक खाजगी बस दरीत कोसळली. गोरेगावच्या झांज पथकातली मुले-मुली तीत होती. तेरा जीव गेले. पण बाकीचे वर आले, ते दोरांना धरून आणि माणसांच्या हातांवरून. पोलीस आणि अग्निशमन दल होतेच; त्यांच्या बरोबरीने डोंगर चढणारी मुले आणि खोपोलीचे स्वयंसेवक अंधारात दरी उतरले होते.

खोपोलीच्या ह्या स्वयंसेवकांची संस्था आहे. तिचे नावच 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' असे आहे. गुरुनाथ साठेलकर ह्या गृहस्थांनी ती उभी केली. कोणी दुकानदार, कोणी क्रेनवाला, कोणी रुग्णवाहिकेचा चालक, कोणी सापांचा जाणकार. फोनवर निरोप फिरतो आणि जो जवळ असेल तो निघतो. घाटाच्या माथ्यावर लोणावळ्यात 'शिवदुर्ग मित्र' आहेत. डोंगरात चुकलेल्यांना शोधावे, कड्यावर अडकलेल्यांना उतरवावे, हे त्यांचे व्रत. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली आणि एकच जण वाचून वर आला, तेव्हा त्या खोल दरीत भर पावसात उतरणाऱ्यांत 'महाबळेश्वर ट्रेकर्स' होते. ह्या मंडळींचा उगम गिर्यारोहणात. दोर बांधणे, गाठ मारणे, ओझे वर घेणे, हे सारे ते छंद म्हणून शिकले होते. छंदाचे कर्तव्य कधी झाले, हे त्यांचे त्यांनाही सांगता येणार नाही.

आमच्याकडे घाट नाही, दरी नाही, गिर्यारोहकही नाहीत. सपाट काळी जमीन आणि सरळ रस्ता. पण संकट सपाटीवरही येते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खाजगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली. ती दाराच्या अंगावर पडली, दार बंद झाले आणि आग लागली. पंचवीस माणसे जळून गेली. जे आठ जण वाचले, त्यांतले काही काच फोडून बाहेर आले होते. सिंदखेडराजा म्हणजे जिजाऊसाहेबांचे माहेर. आमच्या शेजारचेच गाव म्हणावयाचे. आणि २० सप्टेंबर २०२४ च्या सकाळी तर आमच्याच वडीगोद्री-जालना रस्त्यावर, शहापूरजवळ, गेवराईहून जालन्याकडे जाणारी एस. टी. आणि मोसंबी भरलेला ट्रक एकमेकांवर आदळले. सहा माणसे गेली. मोसंबी हे आमच्या जिल्ह्याचे भूषण. त्यानंतर कितीतरी दिवस बाजारात मोसंबीचे ढीग दिसले की मी दुसरीकडे पाहत असे.

येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. फाट्यावरची सारीच माणसे मदतीला धावत नाहीत. तेलाचा टँकर उलटला तर डबे घेऊन धावणारी माणसेही आमचीच असतात, आणि आजकाल खिशातला फोन काढून चित्रे घेत उभी राहणारी मुले तर माझ्याच वर्गात बसून गेलेली असतात. त्यांना मी रागावत असे. मग एकदा मनात आले, की ह्या मुलांच्या हातांना दुसरे काही काम आपण दिले आहे काय? काय करावे हे ज्याला माहीत नाही, तो एक तर ओढतो, नाहीतर बघत राहतो. मी ओढणाऱ्यांपैकी होतो, एवढाच फरक.

आमच्या गावचे एक जावई शहरातील अग्निशमन दलातून निवृत्त झाले. सारा गाव त्यांना दाजी म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात ते सासुरवाडीला आले असता मी त्यांना गाठले.

"दाजी, आमच्या पोरांना थोडं शिकवता का?"

"शिकवीन की," ते म्हणाले. "पण सर, आधी मला एक मोडकी गाडी आणून द्या. फळ्यावर हे येत नसतं."

भंगारवाल्याकडून एक कळाहीन मोटार ट्रॅक्टरमागे बांधून मैदानावर आणली. चौदा-पंधरा जण जमले. गॅरेजचा मिस्त्री, ढाब्याचा मालक, उसाच्या ट्रॅक्टरचे दोघे चालक, एक कंपाउंडर, बाकी कॉलेजची पोरे. दोन मुलीही आल्या. त्यांच्या आया पदर तोंडाला लावून कडेला उभ्या राहिल्या. दाजींनी प्रथम विचारले, "गाडीत माणूस अडकलाय. तुम्ही पोचलात. पहिल्यांदा काय कराल?"

"बाहेर काढू," सगळे एका सुरात म्हणाले.

"चूक. पहिल्यांदा मागे बघा. दुसरी गाडी येऊन तुमच्यावरच पडली म्हणजे? दोघे जण पळत मागे जा, हातातली बॅटरी हलवा, वाहतूक थांबवा. एक जण १०८ ला फोन करा आणि ठिकाण नीट सांगा. मग गाडीला हात लावा."

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ पासून धावू लागली. पोलिसांचा ११२ आणि महामार्गाचा १०३३, हे क्रमांकही दाजींनी मुलांकडून परवच्यासारखे म्हणून घेतले. मग गाडी हलू नये म्हणून चाकांना दगड आणि बुडाखाली लाकडी गुटके कसे लावावयाचे, किल्ली फिरवून इंजिन बंद कसे करावयाचे, बॅटरीची तार कशी सोडावयाची, न फुटलेली हवेची पिशवी का धोक्याची, काच फोडण्याआधी आतल्यावर चादर का घालावयाची, हे सारे त्यांनी करून दाखविले. तेलाच्या दाबावरचे ते परदेशी हत्यार लाखांच्या घरात जाते. ते आमच्याकडे कोठून येणार? "ते नाही तर नाही," दाजी म्हणाले. "पहार आहे, जॅक आहे, करवत आहे. गॅस कटर सगळ्यात शेवटी, आणि तोसुद्धा पाणी हाताशी असेल तरच. पेट्रोलपाशी ठिणगी नको. ट्रॅक्टरला साखळी लावून गाडी ओढायची तर अजिबात नाही. आणि एक गोष्ट पाठ करा. माणसाला गाडीतून ओढायचं नसतं. गाडी माणसाच्या अंगावरून बाजूला करायची असते."

हे वाक्य ऐकले आणि माझ्या कानात तीस वर्षांपूर्वीचे "एक, दोन, तीन" घुमले.

"आग लागली तर?" मिस्त्रीने विचारले.

"तर ओढा. कसाही ओढा. श्वास बंद पडला, तरी थांबू नका. जीव आधी, कणा नंतर. पण आग नाही, माणूस बोलतोय, श्वास चालू आहे, तर मग घाई तुमची असते, त्याची नसते."

मग कॉलेजातल्या एका पोराला चालकाच्या जागी बसविले. बाकीचे पत्र्याशी झटू लागले. दाजींनी माझ्याकडे वळून पाहिले. "सर, तुम्ही मागच्या सीटवर बसा. दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरा, असं. मान सरळ. सांगेपर्यंत सोडायचं नाही. आणि त्याच्याशी बोलत राहा."

मी आत शिरलो. पोराच्या दोन्ही कानशिलांना तळवे लावले. बाहेर पहार वाजत होती, मिस्त्री घामाघूम होऊन दाराच्या बिजागरीशी झुंजत होता. आम्हाला दार काढावयास पुरी पंचवीस मिनिटे लागली. खोपोलीची मंडळी हसली असती. माझ्या दंडांना कळ लागली, पण मी हात हलविले नाहीत. "नाव काय तुझं? गाव कोणतं? घरी कोण कोण आहे?" मी विचारीत होतो आणि तो पोरगा खोटे खोटे कण्हत उत्तरे देत होता. त्याला वाटले असेल, सर नाटक फार चांगले करतात.

दार निघाले. फळीवर घेऊन सहा जणांनी त्याला एका तोलाने बाहेर आणले. कडेला उभ्या असलेल्या आयांनी टाळ्या वाजविल्या.

तो जीपचा चालक शेजारच्या तालुक्यातला. काही वर्षांपूर्वी एका लग्नात त्याची-माझी गाठ पडली. चाकाच्या खुर्चीवर बसून तो पाहुण्यांना अत्तर लावीत होता. मी ओळख सांगितली, तेव्हा त्याने माझे दोन्ही हात धरले आणि जवळच्या माणसांना बोलावून सांगितले, "हे बघा, ह्यांनी मला काढलं. हे नसते तर मी नसतो." त्याने आपल्या सुनेला माझ्या पाया पडावयास लावले. मी काही बोललो नाही. काय बोलणार? त्याच्या कृतज्ञतेत माझी शंका घालण्याचा मला अधिकार नव्हता.

मैदानावरची ती मंडळी आता दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमतात. त्यांच्या पथकाला नाव नाही. एका पत्र्याच्या पेटीत त्यांनी सामान भरून ढाब्यावर ठेवले आहे. चार हातमोजे, दोन बॅटऱ्या, गुटके, करवत, जॅक, चादरी, फळी आणि पट्टे. यंदा दसऱ्याला पोरांनी त्या पेटीची पूजा केली, पहारीला हळदीकुंकू लावले आणि झेंडूचे फूल वाहिले. त्यानंतर त्यांनी आणखी एक काम काढले. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या फाट्यावर थांबवून मागच्या बाजूला चमकणाऱ्या तांबड्या पट्ट्या चिकटवावयाच्या. पट्टी लावून घेताना कोणी चालक कुरकुरतो, कोणी चहा पाजतो.

परवा रात्री मी फाट्यावरून घरी येत होतो. एका मोटारीचा उजेड पडला आणि पुढे चाललेल्या ट्रॉलीच्या मागच्या पट्ट्या एकदम उजळल्या. मोटारीचा वेग कमी झाला, ती बाजूने निघून गेली. तीत कोण होते, कोठे चालले होते, मला ठाऊक नाही. मागच्या काचेतून फराळाचा मोठा डबा आणि झोपलेल्या एका मुलाचे डोके तेवढे दिसले.